बॉन्डचं पार्श्वसंगीत ऐकायचंय, मग बॅरी, अर्नोल्ड, न्यूमन की झिमर?

बॉन्डचे मुख्य मालिकेतले २५ पिक्चर झाले, १९६२ ते २०२१, आणि प्रत्येकाचा साउंडट्रॅक निघालेला आहे. एवढं सगळं ऐकायला वेळ कुणाकडे असतो, म्हणून नवीन माणूस टायटल गाण्यांची प्लेलिस्ट लावतो, शर्ली बॅसीपासून बिली आयलिशपर्यंत, आणि त्याला वाटतं झालं बॉन्डचं म्युझिक ऐकून. मला हे मनापासून खटकतं. गाणी भारीच आहेत, पण ती तीन-चार मिनिटांची, उरलेले दोन तास पिक्चर खांद्यावर घेतो तो पार्श्वसंगीत करणारा माणूस. एक-दोनच अल्बम ऐकायचे किंवा विकत घ्यायचे असतील तर कोणाचे, एवढंच मी इथे सांगतोय.

मी एक गोष्ट बघतो. टायटल गाण्याची चाल पुढे पिक्चरभर कशी फिरते? पाठलागात, प्रेमाच्या सीनमध्ये, कोणी मरतं तेव्हा तीच चाल वेगळ्या कपड्यात आली की अल्बम एकसंध वाटतो, पिक्चर न बघताही ऐकवतो. तसं नसेल तर नुसते तुकडे उरतात.

आधी त्या प्रसिद्ध बॉन्ड थीमबद्दल, कारण ती सगळ्यांच्या वाट्याला आलीय. ती मॉन्टी नॉर्मनच्या नावावर आहे आणि तिचं मूळ आपल्याला जवळचं निघतं. नायपॉलच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाच्या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचं घाटत होतं, ते झालं नाही, पण त्यासाठी नॉर्मनने एक गाणं केलं होतं, अपशकुनी शिंक घेऊन जन्मलेल्या पायाळू माणसाचं. तीच चाल ‘डॉक्टर नो’मध्ये आली. जॉन बॅरीने तिचं वाद्यसंयोजन केलं, व्हिक फ्लिकने गिटार वाजवली, आणि आपण ओळखतो तो आवाज तयार झाला. खरा रचनाकार कोण यावरून २००१मध्ये लंडनला बदनामीचा खटला चालला आणि नॉर्मन जिंकला. चाल नॉर्मनची हे मी मानतो, पण तिच्यात जी रग आहे ती बॅरीची, असं माझं मत.

बॅरीने पुढे ११ पिक्चर केले, तेव्हा ‘बॉन्डसारखं म्युझिक’ म्हणतो ते खरं तर बॅरीसारखं म्युझिक. ‘गोल्डफिंगर’ घ्या, १९६४चा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असे ओरडतात की अंगावर येतात, आणि गाण्याची चाल पूर्ण पिक्चरमध्ये व्हिलनच्या मागे मागे फिरते. अमेरिकेत हा अल्बम चार्टवर एक नंबरला गेला होता. पण मला विचाराल तर सुरुवात त्याने करू नका, ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ने करा. १९६९चा पिक्चर, टायटलला गाणंच नाही, नुसती वाद्यं, खाली मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा बेस घुमतोय आणि वरून ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, उतरत येतो, बर्फावरच्या स्कीइंगच्या पाठलागात तीच धून परत येते तेव्हा आपणच घसरतोय असं वाटतं. आणि ह्याच अल्बममध्ये लुई आर्मस्ट्राँगचं ‘वुई हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड’ आहे, त्याची चाल बॅरीने प्रेमाच्या सीनमध्ये इतकी हळुवार वापरलीय की शेवट माहीत असलेल्या माणसाला ती ऐकवत नाही. पाठलागाची एक धून, प्रेमाची एक, दोन्हीवर सगळा डोलारा उभा. २००३मध्ये ह्याची जास्त ट्रॅक असलेली आवृत्ती निघाली, मिळाली तर तीच घ्या.

नंतरचा बॅरी संथ होत गेला. ‘मूनरेकर’मध्ये कोरस आणि व्हायोलिन्स नुसती तरंगतात, रात्री हेडफोनवर फार छान, पण ॲक्शन हवी असेल तर कंटाळाल. ‘ऑक्टोपसी’ उदयपूरमुळे आपल्याकडे लोकांना आठवतो, त्यात विजय अमृतराज गारुडी बनून पुंगीवर बॉन्ड थीम वाजवतो, पण तो सीन बघण्याचा आहे, अल्बम घेण्याएवढा नाही.

मधे जॉर्ज मार्टिन, मार्विन हॅम्लिश, बिल कॉन्टी, मायकेल केमन एकेक करून गेले. हॅम्लिशचा १९७७चा डिस्को बॉन्ड आवडत असेल तर एकदा ऐका. ‘गोल्डनआय’मध्ये एरिक सेराने लोखंड आपटल्यासारखं इलेक्ट्रॉनिक काहीतरी केलं, पिक्चरमध्ये रणगाड्याच्या पाठलागाला त्याचं संगीत काढून जॉन ऑल्टमनचं घालावं लागलं. नवीन माणसाने ह्या वाटेला जाऊ नये.

आता खरी अडचण, डॅनियल क्रेगवाले. इथे लोक अर्नोल्ड की न्यूमन यावर अडतात.

डेव्हिड अर्नोल्डने पाच पिक्चर केले, १९९७ ते २००८. बॅरीचा ब्रास घ्यायचा, खाली टेक्नोचे बीट्स टाकायचे, अशी त्याची पद्धत, सुरुवातीला कधीकधी फारच गोंगाट होतो. पण ‘कसिनो रॉयाल’मध्ये त्याने जो संयम दाखवलाय त्याला तोड नाही. बॉन्ड अजून बॉन्ड झालेला नाही म्हणून बॉन्ड थीम पूर्ण वाजवायचीच नाही, मधूनमधून दोन-चार सूर चाटवायचे आणि त्या जागी क्रिस कॉर्नेलच्या टायटल गाण्याची चाल (ती दोघांनी मिळून केलेली) जिथे तिथे पेरायची. मग अगदी शेवटी तो आपलं नाव सांगतो आणि थीम फुटते. एवढं थांबवून ठेवल्यामुळेच ती अशी लागते. नायिका व्हेस्परची पियानोवरची धूनही विसरू नका.

थॉमस न्यूमनचा ‘स्कायफॉल’ वेगळ्या जातीचा. दिग्दर्शक सॅम मेंडिसबरोबर काम केलेला माणूस, त्याला मोठ्या चालीपेक्षा पोत आवडतो, बारीक ठेका, धातूचे आवाज, धुकट स्ट्रिंग्ज. इस्तंबूलच्या सुरुवातीच्या पाठलागात तालवाद्यांची जी वीण आहे ती खरंच उत्तम. बाफ्टा हा ब्रिटिश फिल्म पुरस्कार मिळाला ह्याला. पण अ‍ॅडेलच्या गाण्याची चाल अख्ख्या पिक्चरमध्ये मकावच्या कसिनोत जाताना एकदा नीट येते आणि बास, एवढं मोठं गाणं हाताशी असून! माझ्या कसोटीवर तो इथे मार खातो. ‘स्पेक्टर’मध्ये तर ‘स्कायफॉल’चंच बरंच काही परत आलंय, दोन्ही घ्यायची अजिबात गरज नाही. काम करताना मागे काहीतरी हवं असेल तर न्यूमन, लक्ष देऊन ऐकायचं असेल तर अर्नोल्ड.

पैसे टाकण्याआधी एवढं बघा, ‘कसिनो रॉयाल’ आणि ‘स्कायफॉल’च्या मूळ अल्बममध्ये टायटल गाणं नाहीये, ते वेगळं घ्यावं लागतं. ‘नो टाइम टू डाय’मध्ये मात्र बिली आयलिशचं गाणं आहे.

तो हान्स झिमरचा, २०२१. आधी डॅन रोमर होता, मग झिमर आला, सोबत स्टीव्ह मॅझारो, गिटारवर जॉनी मार. ॲक्शनचे तुकडे दणदणीत आहेत पण दुसऱ्या कुठल्या पिक्चरलाही चालले असते. त्याने मोठी गोष्ट केली ती म्हणजे १९६९च्या बॅरीच्या त्या दोन्ही धुना परत आणल्या. इटलीतल्या मतेराच्या रस्त्यावर गाडीत लुई आर्मस्ट्राँगवाली चाल येते, आणि पुढे थेम्सच्या काठी बॉन्ड आणि त्याचा बॉस एम बोलत असताना मागे टायटलची धून वाजते, ऑर्केस्ट्रात, हळू.

म्हणून क्रम सांगतो तो ‘ऑन हर मॅजेस्टीज’, मग ‘कसिनो रॉयाल’, आणि झिमर त्यानंतरच. आधी झिमर लावलात तर गाडीतली ती चाल नुसती गोड वाटेल. बॅरी आधी ऐकला असेल तर १९६९च्या पिक्चरमध्ये बॉन्डने लग्न केलेली ती बाई आठवेल, तीही गाडीतच होती.