खडकी वॉर सिमेट्री: देखभालीला पैकीच्या पैकी मार्क
पुण्यात राहून ही जागा बघितली नसेल तर खरंच जाऊन या, एंट्री फ्री आहे आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची देखभाल म्हणजे एक नंबर, हिरवळ नीट कापलेली, फुलझाडांच्या वाफ्यात तण दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. ऑफिसर असो की साधा शिपाई, दगड सारखाच, हे मला फार आवडलं.

एअर फोर्सवाले शोधायचे तर दगडावर पंख पसरलेला गरुड बघा, खाली हुद्दा, नाव, पायलट की नॅव्हिगेटर की एअर गनर, तारीख आणि वय, ते वीस-एकवीस वाचलं की पोटात तुटतं हो. बॉम्बर पडला की बऱ्याचदा अख्खा क्रू एकदम जायचा, कोण कुठला ओळखता आलं नाही तर एकत्रच पुरायचे. बर्मावर गेलेले कित्येक तर सापडलेच नाहीत, त्यांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर कोरलीयेत.

कबरीच्या दगडाला टेकून रील काढणारी पोरं दिसली, प्लीज असं नका करू.

जायच्या आधी कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाका, प्लॉट आणि कबरीचा नंबर मिळतो, शोधायला सोपं जातं.