शरदातील समुद्रासाठी १२ फुटी रॉड आणि रीळ: पुणेकर गळकऱ्यांसाठी परीक्षण

खडकवासला किंवा मुळशीच्या काठावर चिलापी आणि रोहूसाठी वापरला जाणारा सहा-सात फुटी रॉड समुद्रावर कमी पडतो, हे कारण सांगून पुण्यातील विक्रेते कोकणात निघालेल्या ग्राहकापुढे बहुधा १२ फुटी सर्फ रॉड (किनाऱ्यावर उभे राहून लाटांत आमिष फेकण्याचा लांब रॉड) आणि ६००० आकाराचे रीळ असा संच ठेवतात. असाच एक संच मी आश्विन-कार्तिकात दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या पुळणीवर, तसेच सावित्री नदी समुद्राला मिळते त्या बाणकोट खाडीच्या मुखाजवळ वापरला. रॉड चांगला आहे, रीळ त्याच्या तोडीचे नाही, आणि पुण्याहून शनिवार-रविवार जाणाऱ्या बहुतेकांना इतक्या लांब रॉडची गरजच नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रथम रॉडविषयी. काचतंतू आणि कार्बन यांच्या मिश्रणाचा हा रॉड ८० ते १५० ग्रॅम शिशासाठी (आमिष फेकण्यासाठी लाईनला बांधायच्या वजनासाठी) बनवलेला आहे आणि १०० ग्रॅमचे शिसे तो कोणताही ताण न दाखवता फेकतो. कड्यांच्या आतील चिनी मातीची वर्तुळे गुळगुळीत असल्यामुळे विणलेली लाईन त्यांतून अडखळत नाही. टोक पुरेसे मऊ असल्याने लाटेची ओढ आणि माशाची ओढ यांतील फरक थोड्या सवयीने डोळ्यांना कळू लागतो. रावसाने आमिष धरले की टोक एकदम वाकते. त्याविषयी कोणालाही शंका राहू नये. मुडदुशीचे बारीक टोचे मात्र या जाड रॉडवर जवळजवळ दिसत नाहीत, आणि शरदातील पुळणीवर मुडदुशी हा सर्वांत भरवशाचा मासा असल्यामुळे मी ही उणीव किरकोळ मानत नाही.

खरा प्रश्न अंतराचा आहे. हा रॉड लांब फेकीच्या नावावर विकला जातो. परंतु पावसाळा ओसरून नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागते आणि खाड्यांमधून लहान कोळंबी व माशांची पिल्ले किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा त्यांच्या मागे येणारे मासे बऱ्याचदा पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या खोलगट पट्ट्यातच चरत असतात. हा पट्टा किनाऱ्यावरून ३०-४० मीटरवर असतो. जोर लावून ८० मीटर फेकलेले आमिष त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडते. शिवाय अशा फेकीत सोललेली कोळंबी गळावरून सुटून जाते, म्हणून ती बारीक रबरी दोऱ्याने बांधावी लागते. बांगड्याचा सालीसकट कापलेला तुकडा तुलनेने चांगला टिकतो.

लांब रॉडची किंमत वसूल होते ती ओहोटीला, आणि इथे पुण्याहून जाणाऱ्याने पंचांग उघडणे उपयुक्त ठरते. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दसऱ्याला, म्हणजे दशमीला, ती सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास येते. कोजागरीला मात्र भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास असून पहाट आणि सांज या दोन्ही चांगल्या वेळा ओहोटीत जातात. दिवेआगरसारख्या सपाट पुळणीवर पौर्णिमेची ओहोटी पाणी फार दूर नेते, गुडघाभर पाण्यात उभे राहूनही समोर बऱ्याच अंतरापर्यंत उथळच असते, आणि तिथे या रॉडला पर्याय नाही. याउलट अष्टमी ते दशमीच्या सुमारास मासे चढत्या पाण्याबरोबर स्वतःच जवळ येतात. तेव्हा ३० ते ४० ग्रॅम शिसे फेकणारा नऊ फुटी रॉड पुरतो, हातही दुखत नाही आणि मुडदुशीचा टोचाही कळतो.

रिळाबाबत मला स्पष्टपणे प्रतिकूल लिहावे लागत आहे. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाईन हळूहळू सुटू देणारा रिळाचा ब्रेक, एकसारखा सुटत नाही. तो धक्क्याधक्क्याने सुटतो, आणि रावसाच्या पहिल्या धावेत लाईन तुटण्याचे हेच कारण असते. प्रत्येक वेळी ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली रीळ धुतले, नंतर ड्रॅग सैल करून सावलीत वाळवले, तरीही रिळावर लाईन गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीचा स्क्रू एका हंगामात गंजला. समुद्रासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूकडून ही अपेक्षा नव्हती. संचासोबत मिळालेले तंगूसही (नायलॉनची लाईन) वापरू नये. १०० ग्रॅम शिशामागे सुमारे ४० पौंड ताकदीचा लीडर (लाईनच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) हवाच, कारण फेकताना लाईन तुटली तर ते शिसे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा करू शकते.

वाहतुकीच्या दृष्टीने तीन तुकड्यांचा रॉड निवडावा. दोन तुकड्यांचा सहा फुटी भार एसटीत किंवा ताम्हिणी घाटातून दुचाकीवर नेणे त्रासाचे आहे. एकात एक सरकणारा रॉड सोयीचा वाटला तरी सांध्यांत वाळू गेली की तो अडकतो.

दोन गोष्टी विक्रेत्याने आपणहून सांगायला हव्या होत्या. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो आणि कार्बन विजेचा वाहक आहे; ढग गडगडू लागताच १२ फुटी रॉड खाली ठेवून किनारा सोडणे अत्यावश्यक आहे. दुसरी गोष्ट खाडीतल्या जिताड्याची. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे आकाराने मोठा जिताडा हाती लागला तर ती बहुधा अंडी देणारी मादी असते आणि तिला पाण्यात परत सोडणे मी कर्तव्य समजतो. त्यासाठी घशात न उतरता ओठाच्या कोपऱ्यात अडकणारे गोलाकार गळ वापरावेत. संचातले गळ सरळ दांड्याचे आहेत.

ज्यांना ओहोटीतही उभे राहायचे आहे किंवा मोठ्या रावसाचीच ओढ आहे, त्यांनी हा रॉड जरूर घ्यावा, मात्र संच फोडून केवळ रॉड मागावा आणि उरलेले पैसे खाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या चांगल्या रिळावर खर्च करावेत. मी विचारले तेव्हा दुकानदाराने त्याला हरकत घेतली नाही.