निओफोरजे आणि जावा: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः एका रिकाम्या यादीविषयी

गेल्या गोडी छाटणीच्या सुमारास दिंडोरी तालुक्यातील एका पॅकहाऊससाठी द्राक्षांचा माग ठेवणारी प्रणाली मी जावा ही भाषा आणि निओफोरजे (Neo4j, नोंदी आणि त्यांच्यातील नाती साठवणारा ग्राफ डेटाबेस) वापरून लिहायला घेतली. इन्स्टॉलेशनविषयी फार लिहीत नाही; पाचव्या आवृत्तीला किमान जावा १७ लागते, डेटाबेस पाहण्याचा त्याचा ब्राउझर ७४७४ या पोर्टवर आणि ड्रायव्हर (माझा कोड डेटाबेसला जोडणारा दुवा) ७६८७ वर चालतो, एवढे ठाऊक असले की पहिली संध्याकाळ पुरते.

एखाद्या पेटीच्या नमुन्यात औषधाचा अंश मर्यादेबाहेर आढळला, तर त्याच प्लॉटचा माल आणखी कोणत्या पॅलेटवर आणि कोणत्या कंटेनरमध्ये गेला, हे शोधण्यासाठी पूर्वी मी एसक्यूएल या तक्त्यांच्या डेटाबेसच्या भाषेत जॉइनवर जॉइन (तक्त्यांची जोडणी) रचत असे. सायफर या निओफोरजेच्या क्वेरी भाषेत (प्लॉट)-[:माल]->(पेटी)-[:रचली]->(पॅलेट) अशी कागदावर बाण काढावेत तशी क्वेरी लिहिता येते. त्यातच स्प्रिंग डेटा या जावा लायब्ररीमुळे क्लासवर एक अ‍ॅनोटेशन लावले की ‘शेतकरी’ हा ऑब्जेक्ट थेट नोड (ग्राफमधील एक नोंद) म्हणून जतन होतो, याचे मला फेब्रुवारीपर्यंत भलतेच कौतुक होते.

मार्चमध्ये, ऐन हंगामात, सुपरवायझरचा फोन आला, “भाऊ, या शेतकऱ्याच्या नावावर एकही प्लॉट दिसत नाही.” आदल्या दिवशी त्या शेतकऱ्याचा फक्त मोबाइल क्रमांक बदलला होता. प्लॉटचे नोड जागेवर होते, शेतकऱ्याचा नोडही होता, मधले बाण, म्हणजे नाती, मात्र सगळी गायब! मी दोन दिवस लायब्ररीला नावे ठेवली आणि मग दस्तऐवज नीट वाचला. फॉर्मवरून आलेला आयडी घालून मी नवा ऑब्जेक्ट तयार करत होतो, त्यातील प्लॉटची यादी रिकामी होती, आणि लायब्ररी ऑब्जेक्टलाच संपूर्ण सत्य मानत असल्यामुळे रिकामी यादी म्हणजे नाती उरली नाहीत असा अर्थ घेऊन तिने ती पुसली. चूक माझीच होती, तरी नात्यांसाठीच घेतलेल्या डेटाबेसमध्ये नाती इतक्या मुकाट्याने पुसली जावीत, हे मला अजून पचलेले नाही.

आता एखादे फील्ड बदलायचे असेल तेव्हा मी ‘सेव्ह’ला हात लावत नाही, ड्रायव्हरमधून एका ओळीची सायफर क्वेरी चालवतो. ड्रायव्हर संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनसाठी एकच ठेवतो, सेशन (डेटाबेसशी चालणारा एक संवाद) मात्र प्रत्येक कामापुरते उघडून बंद करतो, कारण ते अनेक थ्रेडमध्ये वाटून वापरता येत नाही. कोड थोडा वाढला, पण कोणती ओळ काय पुसणार हे डोळ्यांना दिसते.

ते बाण परत मिळाले ते आदल्या रात्रीच्या डंपमुळे, म्हणजे डेटाबेसच्या फाइलमध्ये काढलेल्या प्रतीमुळे. फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत डेटाबेस चालू ठेवून बॅकअप घेता येत नाही, आणि त्या एका सोयीसाठी परवान्याचे पैसे मोजण्याची ना माझी तयारी आहे, ना मालकांची. त्यामुळे हंगामात शेवटची पॅलेट कोल्ड स्टोअरेजमध्ये गेल्याचा फोन येईपर्यंत मी जागा राहतो, मग डेटाबेस थांबवतो, डंप घेतो, पुन्हा सुरू करतो आणि झोपतो.