सेकंडहँड मायक्रोस्कोप: दीड वर्षानंतर

जैववैद्यकीय विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर आम्ही चौघं. फोकस लागतो न लागतो तोच मागून "झालं का?" सुरू. शेवटी वैतागून स्वतःचाच घेतला, वापरलेला.

आयपीस (डोळा लावायची लेन्स) १० पटीचं, ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळच्या लेन्स) चार: ४, १०, ४० आणि १००. पहिली दोन ठीकठाक. ४० वर मुळाच्या टोकातलं मायटोसिस (पेशीविभाजन) स्वच्छ दिसतं. पण पैसे वसूल होतात ते १०० वर. लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेला रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर), त्यावर इमर्शन ऑइलचा एक थेंब, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं तीन-चार पाळ्यांचं जांभळं केंद्रक असं समोर येतं की पुस्तकातली आकृती फिकी वाटावी. तेल विसरलं की नुसतं धुकं. काचेतून हवेत येताना प्रकाश वळतो आणि बराचसा लेन्सपर्यंत पोचतच नाही. हे वर्गात ऐकलं होतं, पटलं मात्र दोन तास डोळे फोडल्यावर. (बघून झाल्यावर तेल लेन्स पेपरनेच पुसा. मी एकदा रुमाल वापरला. पुन्हा नाही.)

तक्रार एकच, पण मोठी. कोर्स नॉब (ढोबळ फोकस लावायची मोठी चकती) ढिला आहे आणि विकणाऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) आपोआप खाली सरकतो, फोकस जातो. घट्ट करण्याची रिंग नॉबच्या मागेच असते, हे मला महिन्याभराने कळलं. आता दर रविवारी ती पिळतो.

पाचपैकी चार.