मूडसाठी अश्वगंधा, ब्राह्मी की सेंट जॉन्स वर्ट?

मन लागत नाही, उगाच चिडचिड होते म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की नूट्रॉपिक (मेंदू तल्लख करण्याचा दावा करणाऱ्या) कॅप्सूलच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. त्यात ही तीन नावं हमखास असतात. तिन्हींचा गुण वेगळा आणि उपद्रवही वेगळा.

कामाच्या ताणाने, अर्धवट झोपेने मूड गेला असेल तर आधी अश्वगंधेचा विचार करा. रोज ३०० ते ६०० मिग्रॅ मुळांचा अर्क घेणाऱ्यांचा ताण सहा-आठ आठवड्यांत कमी झाला, झोप सुधारली, असं चाचण्यांत दिसलं आहे. चाचण्या बहुतेक लहान आहेत आणि काहींचा खर्च अर्क विकणाऱ्यांनीच केलेला आहे, हे मात्र विसरू नका.

घेताना बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. एकीवर ‘५०० मिग्रॅ चूर्ण’ असतं, दुसरीवर ‘३०० मिग्रॅ अर्क, विथॅनोलाइड्स ५%’. आकडा मोठा म्हणून पहिली उचलली तर फसगत होते. दुसरीत १५ मिग्रॅ विथॅनोलाइड्सची, म्हणजे अश्वगंधेतल्या मुख्य गुणकारी घटकांची, हमी आहे, पहिलीत किती ते लिहिलेलंच नाही. पानं मिसळलेला माल नको. आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये पानं न वापरण्याची सूचना उत्पादकांना दिली होती.

त्रास म्हणाल तर पोट बिघडतं, दिवसा सुस्ती येते. यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. प्रकार विरळ, पण लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की कॅप्सूल बंद आणि थेट डॉक्टर. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदरपणात अजिबात नाही. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

ब्राह्मी मूडसाठी घेण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं मत. तिचा पुरावा आहे तो स्मरणशक्तीचा, तोही रोज ३०० मिग्रॅ अर्क बारा आठवडे घेतल्यावर. उपाशीपोटी घेतली तर मळमळ आणि शौचाला फेऱ्या. आपल्याकडे मंडूकपर्णी ही वेगळी वनस्पतीही ब्राह्मी म्हणून खपते, तेव्हा लेबलवर ‘बॅकोपा मोनिएरी’ हे ब्राह्मीचं शास्त्रीय नाव आहे ना ते बघा.

सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली पिवळ्या फुलांची वनस्पती. सौम्य ते मध्यम नैराश्यावर तिघांत सर्वात भक्कम पुरावा हिचाच. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था; तिच्या २००८ च्या आढाव्यात २९ चाचण्या तपासल्या, त्यांत सेंट जॉन्स वर्ट नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीची ठरली. आणि तरीही स्वतःच्या मनाने घेऊ नये अशीही हीच. यकृतात औषधं मोडणारी यंत्रणा ती वेगवान करते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची काही औषधं यांचा असर घटतो. ‘हर्बल आहे, चालतं’ म्हणणारे इथेच तोंडघशी पडतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांसोबत तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढून घाम, थरथर, ताप, गोंधळलेपणा अशी गंभीर अवस्था येऊ शकते.

आधीपासून कुठलीही रोजची गोळी चालू असेल तर सेंट जॉन्स वर्ट यादीतून काढा. गोळी नाही, फक्त ताण आणि झोपेची कुरकुर आहे, तर दोन महिने अश्वगंधा करून बघायला हरकत नाही. फरक नाही पडला तर पुढची बाटली मागवू नका. उदासी दोन आठवड्यांहून लांबली, जगण्यात रस उरला नाही, तर यातलं काहीच नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.