वर्षभराचे वाचन, सहा इंची पडदा आणि एक ‘ऱ्य’

गेल्या वर्षीच्या पाडव्याला घेतलेल्या ई-वाचक यंत्राच्या पडद्यावर मागच्या महिन्यात उजव्या कडेला दोन उभ्या रेघा उमटल्या. सेवा केंद्रातील तरुणाने यंत्र हातातही न घेता ‘स्क्रीन वॉरंटीत येत नाही’ असे सांगितले आणि नव्या यंत्रावरील सवलतीचा कागद पुढे केला. त्या संतापातच हे लिहायला बसलो होतो. परंतु वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची वही उघडली तेव्हा लक्षात आले की या रेघांपेक्षा एका अक्षराने मला अधिक छळले आहे, म्हणून आधी त्याविषयी.

बॅटरी, वजन आणि रात्रीचा प्रकाश यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘ऱ्य’ची. विकत घेतलेल्या पहिल्याच ई-पुस्तकात, एका प्रवासवर्णनात, लेखक ‘दर्याखोर्यांतून’ चालत होता. दर्या म्हणजे समुद्र. तो सह्याद्रीच्या घाटवाटांवर कोठून आला, या विचारात मी क्षणभर थबकलो आणि मग तो ‘दऱ्याखोऱ्यांतून’ चालत असल्याचा उलगडा झाला. त्यानंतर ‘वर्हाड’, ‘तर्हा’, ‘गोर्या’ अशी रांगच लागली. एका कथेत आचाऱ्याला बोलावले होते, पण पडद्यावर आचार्य आले आणि पंगतीचे सगळे दृश्यच हास्यास्पद झाले. तीस वर्षे मुद्रिते तपासण्यात गेलेल्या माणसाला अशा पानावरून पुढे सरकणे किती जड जाते, हे इतरांना कदाचित अतिरेकी वाटेल. पण पहिल्या चार महिन्यांत मी जेमतेम पाच पुस्तके पूर्ण केली आणि तीन केवळ या चिडीपायी अर्धवट सोडली. वहीत त्यांच्यापुढे ‘यंत्र भिकार’ असा शेरा आहे.

तो शेरा आता मी खोडला आहे. पाचव्या महिन्यात भाच्याने तेच पुस्तक संगणकावर उघडून दाखवले, तर तेथेही दर्याच उसळत होता. दोष फाईलचा होता. युनिकोड ही सर्व संगणकांची समान अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर रूपांतरित करताना ‘ऱ्य’चा सरसकट ‘र्य’ झाला असावा आणि त्यानंतर कोणी तो डोळ्यांखालून घातलेला नसावा. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट कळली: ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत होते, कारण फाईलमध्ये पुस्तकाची भाषा हिंदी अशी नोंदवलेली होती. कॅलिबर या मोफत प्रणालीत ती नोंद बदलून मराठी केली आणि मराठी रूपांची सोय असलेला फाँट निवडला, तेव्हा दोन्ही अक्षरे आपल्या वळणावर आली. चार महिने मी यंत्राला शिव्या घातल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक प्रकाशकाच्या नावे जमा करायला हव्यात. ‘ऱ्य’ मात्र हातानेच दुरुस्त करावा लागला, आणि तेथेही एक गोम निघाली. हे अक्षर संगणकावर दोन रीतींनी टंकता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोध मात्र त्यांना निरनिराळी मानतो. त्यामुळे आपण एका रीतीने शोधलेला ‘वऱ्हाड’ हा शब्द पुस्तकात समोर असूनही सापडत नाही.

एवढ्या खटाटोपानंतर नवी ई-पुस्तके विकत घेण्याचा उत्साह ओसरला आणि काटकसरही आड आली. मग स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांकडे वळलो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी तो हक्क संपतो. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे प्रवासवर्णन मी स्कॅन केलेल्या प्रतीतून वाचले. दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली कोकणातील वरसईहून उत्तरेकडे निघालेले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडलेले गोडसे भटजी सहा इंची पडद्यावर मुंगीच्या पावलांनी चालले, कारण स्कॅनचे अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि यंत्र आडवे धरले तर अर्धेच पान दिसते. तरीही एकदाही अडखळलो नाही, कारण १९०७ साली छापलेल्या त्या ग्रंथात ‘ऱ्य’ जागच्या जागी होता. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मात्र टंकलेल्या फाईलमधून वाचतो आहे आणि लक्ष्मीबाईंची छोटी, बोलती वाक्ये या लहान पडद्याला फार मानवतात.

वर्षाचा हिशेब एकवीस पुस्तकांचा झाला, त्यांतील चौदा यंत्रावर वाचली. यंत्राची किंमत साडेदहा हजार असल्याने प्रत्येक पुस्तक साडेसातशे रुपयांना पडले. एवढ्यात आमच्या वाचनालयाची वर्षभराची वर्गणी भरूनही पैसे उरले असते. पहिल्या चार महिन्यांत कोणी विचारले असते तर घेऊ नका असेच सांगितले असते. आता सांगेन की घ्या, पण ई-पुस्तक घेण्याआधी त्याची नमुना पाने उघडून एखादा ‘दुसऱ्या’ शोधा. तो ‘दुसर्या’ निघाला तर पैसे वाचवा.

रेघांचे म्हणाल तर दुरुस्तीचा आकडा नव्या यंत्राच्या जवळपास जात असल्याने तो नाद सोडला आहे. उजवा समास सर्वांत रुंद केला की रेघा कोऱ्या जागेत राहतात आणि ओळीत चार शब्द मावतात; लक्ष्मीबाईंना तेवढे पुरतात.