कटिंग मशीन: एक पावसाळा, एक नाताळ आणि मॅटचा न सुटलेला प्रश्न

संगणकावर काढलेल्या नक्षीप्रमाणे बारा इंच रुंदीपर्यंतचा कागद कापणाऱ्या घरगुती कटिंग मशीनची वैशिष्ट्ये सगळीकडे वाचायला मिळतात, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. मी हे यंत्र गेल्या एप्रिलमध्ये घेतले ते उघडल्यावर उभी राहणारी त्रिमितीय भेटकार्डे, दिवाळीचे आकाशकंदील आणि नाताळची नक्षत्रे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे कंदील, करण्यासाठी, आणि फोंड्यातील घरी ते उन्हाळा, भर पावसाळा व त्यानंतरचे कोरडे दिवस अशा सर्व हवामानांत चालवले. नोव्हेंबरअखेरीस ते बिघडले, दुरुस्तीवरून बरीच हुज्जत झाली, आणि परत आलेल्या यंत्रावर नाताळची कामेही पार पडली. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण वाद मिटला आहे आणि माझी मुख्य तक्रार या जातीच्या बहुतेक यंत्रांना लागू पडेल अशी आहे. ती तक्रार आहे कागद धरून ठेवणाऱ्या चिकट मॅटबद्दल.

मॅट ही किरकोळ वस्तू मानली जाते. यंत्राच्या प्रत्येक परीक्षणात पात्याचा दाब, मोटरचा आवाज, सॉफ्टवेअरमधील तयार नक्ष्या यांवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात आणि मॅट एका ओळीत उरकली जाते. प्रत्यक्षात कार्ड नीट होणार की वाया जाणार हे तिच्यावरच ठरते. याचे कारण पात्याच्या रचनेत आहे. हे पाते कात्रीसारखे कापत नाही. ते आपल्या कण्याभोवती मोकळे फिरते आणि यंत्र ओढील त्या दिशेला वळते. कोपरा आला की ते जागच्या जागी गिरकी घेते, आणि त्या क्षणी कागदाचा लहान तुकडा खाली घट्ट बसलेला नसेल तर तो पात्याबरोबर उचलला जातो. जुलैमध्ये पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचे कार्ड कापताना हे मी जवळून पाहिले. घंटेच्या कमानीतला तांदळाएवढा तुकडा पात्याच्या टोकाला अडकला, त्याच्यासकट पाते खालच्या पायऱ्यांवर गेले, आणि जिथे सरळ काप हवा होता तिथे कागदाचा चोथा झाला. यंत्राला याचा पत्ता नसतो. ते शेवटपर्यंत इमानेइतबारे काम पूर्ण करते आणि पडद्यावर काम यशस्वी झाल्याचे कळवते.

दोन मॅटच्या पाकिटाला जवळजवळ दीड हजार रुपये पडतात. उन्हाळ्यात पहिली मॅट उत्तम चालली होती, त्यामुळे हा खर्च मला फारसा टोचला नव्हता. जून लागला आणि तीच मॅट कागद सोडू लागली. नवी काढली, तिचाही चिकटपणा चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, टिकला नाही. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या, फळांची कागदी प्रतिकृती असलेली कार्डे नातेवाइकांना द्यायची होती, त्यांतली निम्मी शेवटी मी हाताने कापली. हे लिखाण ऑगस्टमध्ये केले असते तर ‘गोव्यात हे यंत्र घेऊ नका’ एवढे एकच वाक्य लिहिले असते.

ते मत पुढे बदलले, पण ते कसे बदलले हे सांगण्याआधी कागदाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या दमट हवेत अर्धा दोष त्याच्याकडे जातो. कागदाचे तंतू ओलावा शोषतात तेव्हा ते लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. कारखान्यात कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेने पडतात, त्यामुळे दमट दिवसांत कागद त्या दिशेच्या आडवा ताणला जातो. बारा इंचांच्या कागदात हा फरक अर्धा-एक मिलिमीटर होऊ शकतो, आणि उभ्या राहणाऱ्या कार्डात अर्धा मिलिमीटरही फार असतो. शिवाय एकाच बाजूने ओलावा लागला की कागद वाकतो, म्हणजे मॅटवरून कडा स्वतःहूनच उचलल्या जातात. नरम झालेल्या कागदाची लव मॅटवर राहते आणि तिचा चिकट थर भरून जातो. हातकागदाने तर हे फारच लवकर होते. तो दिसायला कितीही देखणा असला तरी पावसाळ्यात मी त्याच्या वाटेला जात नाही.

तंतूंची दिशा ओळखणे अवघड नाही. कागद न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या वळणाला समांतर तंतू असतात. कार्डाची मुख्य घडी त्याच दिशेला ठेवली तर ती स्वच्छ बसते. आडवी ठेवली तर जाड कार्डशीट घडीवर फाटते आणि रंगीत कागदातून आतला पांढरा थर डोकावतो.

आता चर्चच्या कार्डाविषयी, कारण मॅटची खरी परीक्षा त्यातच होते. एकाच पांढऱ्या कागदात काप आणि घड्या घालून इमारत उभी करण्याची ही पद्धत जपानी वास्तुविशारद मासाहिरो चातानी यांनी 1981 च्या सुमारास विकसित केली. पणजीच्या या चर्चच्या नागमोडी पायऱ्या पाहिल्या की ही इमारत त्या पद्धतीसाठीच बांधली असावी असे वाटते. पायरीचे गणित सोपे आहे. कार्ड काटकोनात उघडले असता पायरी मागच्या भिंतीपासून जितकी पुढे येते आणि जमिनीपासून जितकी उंच असते, त्या दोन मापांच्या बेरजेइतकी तिची पट्टी लांब असते, आणि पट्टीवरची घडी बरोबर त्या मापांच्या सांध्यावर पडावी लागते. यंत्र आधी बोथट टोकाने घडीच्या रेघा पाडते आणि मग पात्याने काप घेते. या दोन कामांच्या मध्ये कागद मॅटवर किंचित जरी सरकला, तरी घड्या एकीकडे आणि काप दुसरीकडे जातात; कार्ड बंद करताना पायऱ्या एकमेकींत अडकतात आणि उघडल्यावर चर्च पुढे झुकलेले दिसते. यासाठी 160 ते 200 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कागद मला योग्य वाटला. 300 जीएसएमचा कागद पाकिटात भारदस्त वाटतो, पण बारीक पायऱ्यांच्या घड्यांवर तो तडकतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला आणि माझा राग बराचसा उतरला. तोवर मी कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायला सुरुवात केली होती आणि कापायचे काम झोपायच्या खोलीत एसी ‘ड्राय’वर ठेवून करत होते. विजेच्या बिलाकडे पाहून आमच्या ह्यांनी एक कार्ड आपल्याला केवढ्याला पडते असे विचारले, तेव्हा मी मॅटच्या पाकिटाची किंमत सांगितली आणि विषय तिथेच थांबला. वापरून झाल्यावर मॅट कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत उभी वाळवली की चिकटपणा बराचसा परत येतो. मात्र हे पावसाळ्यात साधत नाही, कारण ती वाळतच नाही. कागद सोडवताना तो मॅटवरून ओढून न काढता, मॅट उलटी करून तीच कागदापासून वाकवत न्यावी, म्हणजे कार्ड गुंडाळी होऊन येत नाही. ही गोष्ट माहितीपत्रकात आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की तिथपर्यंत कोणी जात नाही.

दिवाळीचे आकाशकंदील मात्र अपेक्षेबाहेर चांगले झाले. आपल्याकडे गावोगावी आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात आणि तिथे अजूनही बांबूच्या कामट्या व पतंगी कागद यांनाच मान आहे, आणि तो असावाच. माझा उद्देश व्हरांड्यापुरता होता. मंगेशीच्या दीपस्तंभावरून सुचलेला, अष्टकोनी, सात मजल्यांचा कंदील मी मजल्यामजल्याने सुटा कापला, प्रत्येक मजल्याच्या आठ बाजूंना एक जोडपट्टी ठेवली आणि कोनाड्यांच्या मागे जिलेटिन पेपर लावला. पांढरा गोंद कागद ओला करून सुरकुत्या पाडतो, म्हणून जोडांना डबल टेपच वापरली. पतंगी कागद थेट कापण्याचा नाद सोडावा, तो पात्याखाली फाटतो. आत साधा दिवा लावू नये, कमी वॅटचा एलईडीच लावावा. कागदाचे काम आहे.

याच कामात सॉफ्टवेअरची एक खोड लक्षात आली. मी नक्षी इंकस्केप या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते. इंकस्केपची 0.92 ही आवृत्ती आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या एका इंचात 96 बिंदू धरतात, तर काही सॉफ्टवेअर 72 धरतात. त्यामुळे फाइल एकाकडून दुसरीकडे नेताना आकृती न सांगता एक तृतीयांशाने मोठी होते किंवा तीन चतुर्थांश उरते. कंदील लहान झाला तर डोळ्याला खटकत नाही, पण दिव्याच्या होल्डरचे भोकही त्याच प्रमाणात लहान होते आणि होल्डर त्यात शिरत नाही. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात 100 मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवावा आणि यंत्राच्या पडद्यावर तो तेवढाच दिसतो ना हे कापण्याआधी पाहावे. यापलीकडे सॉफ्टवेअरबद्दल माझी तक्रार नाही.

दीड हजारांची मॅट सारखी विकत घेणे मला मान्य नव्हते. म्हणून पहिली मॅट स्वच्छ धुतली, चारही कडांवर मास्किंग टेप लावून त्या झाकल्या, मधल्या भागावर पुन्हा पुन्हा चिकटणाऱ्या प्रकारचा गोंद पातळ फासला आणि तो पूर्ण वाळल्यावर टेप काढली. कडा कोऱ्या ठेवण्याचे कारण असे की यंत्राचे रोलर मॅटला कडांवरच पकडतात, तिथे गोंद असता कामा नये. अशी मॅट नव्या मॅटइतकीच चालते, आणि गोंदाच्या एका नळीत हे कितीतरी वेळा करता येते. मी आजही तीच वापरते.

नोव्हेंबरअखेरीस यंत्रातून खटखट आवाज येऊ लागला आणि आकृत्या मिटेनाशा झाल्या. साधा चौकोन कापायला दिला तर तीन कोपरे बरोबर येत आणि चौथ्याशी सुरुवातीची रेघ व शेवटची रेघ यांच्यात फट राहत असे. मॅट घट्ट, कागद कोरडा, पाते नवे. म्हणजे दोष पाते वाहून नेणाऱ्या भागाचा होता हे उघड होते. वॉरंटी चालू होती. सर्व्हिस सेंटर परराज्यात असल्याने कुरिअरचा खर्च मी केला. त्यांनी यंत्राबरोबर मॅटही मागवली होती, आणि आठवड्याने फोन आला तो यंत्राविषयी नव्हताच.

‘‘मॅडम, तुम्ही मॅटला बाहेरचा गोंद लावला आहे. त्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही.’’

‘‘गोंद रोलरवर सापडला का?’’

‘‘ते बघावे लागेल. पण मॅटवर आहे.’’

यावर मी फोनवर बोलणे थांबवले आणि सर्व काही लेखी केले. झाकलेल्या कडांची छायाचित्रे, न मिटणाऱ्या चौकोनाचे छायाचित्र आणि आवाजाची चित्रफीत पाठवून एकच प्रश्न विचारला की मॅटच्या मध्यावरचा गोंद पाते ओढणाऱ्या पट्ट्यापर्यंत कोणत्या मार्गाने जातो. उत्तर न आल्यामुळे दुसऱ्या पत्रात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा उल्लेख केला. या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही मी पत्रात लिहिला. तो फिरवण्याची वेळ आली नाही. दातेरी पट्टा झिजल्याचे त्यांनी मान्य केले, तो विनामूल्य बदलला, आणि परतीचे कुरिअर त्यांच्या खर्चाने आले. जाण्याचा खर्च मागितला होता, त्याबद्दल अद्याप मौन आहे.

यंत्र आले तेव्हा 8 डिसेंबर उलटून गेला होता, म्हणजे पणजीच्या चर्चच्या ज्या फेस्तासाठी (वार्षिक सणासाठी) ही कार्डे करायची होती ते होऊन गेले होते. तीच कार्डे मग नाताळला दिली आणि समोरच्या आंटींसाठी नक्षत्र केले. पाच टोकांचे मोठे नक्षत्र बारा इंचांच्या मॅटवर अखंड बसत नाही. प्रत्येक टोक दोन त्रिकोणी पाखांचे करून सुटे कापावे लागते, पुढची आणि मागची अशी दहा टोके होतात, आणि ती सर्व तंतोतंत सारखी हवीत, नाहीतर शेवटचे टोक जोडताना फट राहते. हाताने कापलेल्या नक्षत्रात ती फट टेपखाली लपवावी लागते. नव्या पट्ट्यावर कापलेल्या दहा टोकांत ती राहिली नाही, आणि हा बदल मला सरळसरळ जाणवला. आंटींनी नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, उंट आणि तीन राजेही मागितले आहेत, पुढच्या वर्षासाठी.

घेणाऱ्यांनी यंत्राबरोबरचे सुशोभित कागदांचे संच घेऊ नयेत. तसा कागद म्हापशाला किंवा मडगावला शाळेच्या सामानाच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतो. पाते मात्र कंपनीचेच घ्यावे. त्याच्या टोकाला लव चिकटली की अॅल्युमिनियमच्या फॉइलचा गोळा करून त्यात ते काही वेळा टोचले म्हणजे स्वच्छ होते आणि बरेच दिवस पुरते. सध्या दुसऱ्या वर्षाची वाढीव वॉरंटी घ्या म्हणून फोन येत आहेत. तिच्यात मॅट येते का, असे मी विचारले. येत नाही, असे उत्तर मिळाले, आणि मी ती घेतलेली नाही.